पाळीव जनावरांचे तातडीचे दुखणे कसे ओळखावे

ग्रामीण भागातील प्राथमिक शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी एखादे तरी जनावर असते. कोणाकडे दुभती गाय वा म्हैस, कोणाकडे दोन शेळ्या, कोणाकडे राखणीचा कुत्रा. आणि मांजर तर न पाळताही घरात वावरत असते. परिसर अभ्यासाच्या पाठात पाळीव प्राण्यांचे उपयोग आपण मुलांकडून वदवून घेतो. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा घर राखतो, ही उत्तरे मुलांच्या जिभेवर असतात. परंतु तीच गाय आजारी पडली तर ते कशावरून ओळखावे, आणि ओळखल्यावर उद्यापर्यंत थांबावे की आत्ताच धावावे, असे विचारले असता वर्ग गप्प होतो. घरची मोठी माणसेही पुष्कळदा अशीच गोंधळतात व 'सकाळी पाहू' म्हणून निजतात. काही दुखणी अशी आहेत की त्यांत सकाळपर्यंत थांबणे म्हणजे जनावर गमावणे होय. शिक्षकबंधुभगिनींनी ही दुखणी ओळखण्याची रीत मुलांस समजावून द्यावी, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, प्रत्येक दुखणे तातडीचे नसते. गोचीड, जंत, खरूज, एखादी वरवरची जखम, एक वेळ चारा कमी खाणे, यांसाठी दवाखान्याच्या वेळेत जाणे पुरेसे आहे. रोगाचे नाव ओळखणे हे तर आपले कामच नव्हे. ते पशुवैद्यकाचे काम. आपणांस पाहावयाचे ते एवढेच की, जनावराचे कोणते आवश्यक कार्य अडले आहे काय? श्वास अडला, रक्त थांबेना, लघवी वा शेण अडले, वासरू अडले, उभे राहता येईना, शुद्ध हरपली, अथवा पोटात विष गेले, यांपैकी काहीही दिसले की घड्याळाकडे किंवा गाठीच्या पैशाकडे न पाहता निरोप धाडावा. रोगाच्या नावावरून वाद घालीत बसणाऱ्या चार शहाण्यांपेक्षा 'म्हशीला श्वास घेता येत नाही' एवढेच अचूक सांगणारे दहा वर्षांचे मूल अधिक उपयोगी पडते.

निरोगी जनावर आधी ओळखावे

काय अडले हे कळण्यास रोज काय चालते हे ठाऊक असावे लागते. या बाबतीत मुलांचा अधिकार मोठा आहे. शाळेत जाण्यापूर्वी शेळीला पाला घालणारे, संध्याकाळी वासरू सोडणारे तेच असतात. आणि जनावराच्या वागण्यातील फरक पुष्कळदा त्यांच्याच ध्यानी प्रथम येतो. घरात मात्र त्यांचे बोलणे कोणी मनावर घेत नाही. एका शाळेच्या तपासणीस गेलो असता चौथीतील एका मुलीने हजेरी चालू असतानाच उठून सांगितले की, आमच्या शेळीने रात्रीपासून रवंथ केलेले नाही. वर्गात हशा पिकला. बाईंनी मात्र हशा थांबवून तिला पूर्ण बोलू दिले. शेळीने रात्री गव्हाच्या पोत्यात तोंड घातले होते, हे त्यावरून उघड झाले. दुपारच्या आत पशुवैद्यक आले व शेळी वाचली. त्या कुटुंबाकडे तेवढे एकच दुभते जनावर होते.

निरोगी गाय दिवसाकाठी सहा ते आठ तास रवंथ करते. तिची नाकपुडी ओलसर असते, कान हलते असतात, डोळे सतेज असतात. विसाव्याच्या वेळी ती मिनिटास साधारणतः १५ ते ३० वेळा श्वास घेते. शेळीचा आकडाही याच्या आसपासच असतो. कुत्रा शांत निजलेला असता १० ते ३० वेळा आणि मांजर २० ते ३० वेळा श्वास घेते. हे मोजण्यास जनावरास हात लावण्याचीही जरुरी नाही. थोडे दूर उभे राहून कूस किती वेळा वर-खाली होते ते घड्याळ लावून मिनिटभर मोजावे. तिसरी-चौथीच्या मुलांनी आठवडाभर अशी नोंद वहीत केली, तर गणिताच्या तासाला सरासरीचे उदाहरण आयतेच मिळते आणि आपल्या जनावराचा रोजचा आकडा मुलाच्या मनात पक्का बसतो. पुढे एखाद्या दिवशी तो दुप्पट झाला तर त्याला कोणी सांगावे लागत नाही.

आणखी दोन खुणा मोठ्या माणसांनी शिकून घ्याव्यात. गाईच्या डाव्या बाजूस शेवटच्या बरगडीमागे जो खळगा असतो, ज्याला भकाळी म्हणतात, तेथे मूठ दाबून धरली असता पोटाच्या हालचालीने मिनिटास एक-दोन वेळा ती आतून उचलली जाते. ही हालचाल थांबली तर पचन थांबले असे समजावे. दुसरी खूण हिरड्यांची. कुत्र्याची हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. (काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तेथे ही खूण चालत नाही.) हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर किंवा विटकरी लाल दिसल्या तर दुखणे गंभीर आहे. परंतु ज्या जनावराची लाळ गळत आहे, अथवा जे विचित्र वागत आहे, त्याच्या तोंडाशी कोणीही जाऊ नये. त्याचे कारण पुढे येईल.

पोटफुगी

आपल्याकडील गुरांच्या दुखण्यांत सर्वांत घाईचे दुखणे पोटफुगीचे. प्रौढ गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात शंभर लिटरहून अधिक चारा-पाणी मावते. तेथे चारा आंबतो व त्यातून सतत वायू निघतो. निरोगी गाय तो ढेकरावाटे बाहेर टाकते. कोवळा, दंवाने भिजलेला लसूणघास किंवा तत्सम हिरवा चारा उपाशी पोटी भरपूर खाल्ला तर पोटात फेस होतो आणि वायू त्यात अडकून पडतो. आंब्याची कोय, बटाटा, गाजर असे काही घशात अडकल्यानेही ढेकर बंद होतो. मग डावी भकाळी प्रथम भरून येते, नंतर पाठीच्या कण्याच्या वर उचललेली दिसते, आणि वाजवून पाहिल्यास ढोलासारखी वाजते. जनावर पोटाकडे वळून पाहते, पाय झाडते, ऊठबस करते, मान लांब करून तोंडाने श्वास घेऊ लागते. फुगलेले पोट फुफ्फुसांस जागाच ठेवीत नाही. त्यामुळे जनावर गुदमरते, आणि कित्येकदा तास-दोन तासांतच मरते.

अशा वेळी पशुवैद्यकास निरोप धाडून जनावर उभे ठेवावे. चढावर तोंड करून, पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे. तोंडात आडवी काठी बांधावी, म्हणजे ते ती चावत राहते, लाळ सुटते व ढेकर येण्यास मदत होते. आडवे पडू देऊ नये. मात्र घशात काही अडकल्याचा संशय असेल, किंवा लाळ गळत असेल, तर काठीच्या निमित्तानेही तोंडाशी जाऊ नये. बांबूच्या नळीने तेल व काढे पाजण्याची जी जुनी चाल आहे, तीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. गुदमरलेल्या जनावराची मान वर ओढून काही ओतले की ते पोटात न जाता श्वासनलिकेत उतरते. मग पोट उतरले तरी फुफ्फुसाचे दुखणे जडते व त्यात जनावर दगावते. पोटावर तापल्या सळईने डाग देण्याने तर वेदनेवाचून काहीच साधत नाही. कुशीत सुरी खुपसण्याचे धाडसही कोणी ऐकीव माहितीवर करू नये. पशुवैद्यक त्यासाठी नेमकी जागा व नेमके हत्यार वापरतो.

पोटफुगीचेच एक भावंड म्हणजे धान्याचा अतिरेक. लग्नसराईत किंवा भंडाऱ्यानंतर उरलेला भात, पोळ्या, पुरण टोपलीभर गाईपुढे ठेवण्यात पुण्य आहे, अशी समजूत आढळते. पोटात या पिठूळ अन्नाचे अल्पावधीत आम्ल होते व ते रक्तात उतरते. जनावर त्याच दिवशी फारसे आजारी दिसत नाही, ही यातली फसगत आहे. बारा ते चोवीस तासांनी ते खाणे सोडते, आंबूस वासाचे पातळ शेण टाकते, झिंगल्यासारखे चालते आणि बसते ते उठत नाही. म्हणून जनावराने धान्य वा शिजलेले अन्न पुष्कळ खाल्ले हे कळताच, ते धडधाकट दिसत असले तरी, त्याच वेळी पशुवैद्यकास कळवावे.

विण्याच्या वेळी

वासरू अडणे हे सर्वांना कळते, पण किती वेळ वाट पाहावी हे कळत नाही. पाण्याची पिशवी फुटून गाय वा म्हैस जोराच्या कळा देत आहे आणि तास-दोन तासांत वासराचे पाय वा तोंड पुढे सरकत नाही, तर वाट पाहणे थांबवावे. शेळीच्या बाबतीत अर्धा ते एक तास, आणि कुत्रीच्या बाबतीत जोराच्या कळा सुरू असूनही अर्ध्या तासात पिलू न येणे, ही मर्यादा समजावी. चार माणसांनी दोर लावून ओढल्याने वासरू व गाय दोन्ही जातात. वार न पडणे हे दुखणे मात्र याहून कमी घाईचे आहे. त्यासाठी दुसऱ्या दिवशी पशुवैद्यक आला तरी चालते. तिला दगड बांधण्याची चाल घातक आहे. याउलट व्यायल्यानंतर गर्भाशयच बाहेर आले, तर क्षणाचाही विलंब करू नये. ते स्वच्छ ओल्या कापडात झाकावे, कुत्रे-कावळे जवळ येऊ देऊ नयेत, आणि गाईला हलू-चालू देऊ नये.

भरपूर दूध देणारी गाय व्यायल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत एकाएकी बसते, मान कुशीकडे वळवून ठेवते, कान गार पडतात, ती गुंगीत असल्यासारखी दिसते. नाव दुग्धज्वर असले तरी यात ताप नसतो. रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरलेले असते. पशुवैद्यक शिरेतून कॅल्शियम देतो आणि पुष्कळदा तीच गाय थोड्याच वेळात उठून उभी राहते. उपचार वेळेवर न मिळाल्यास तीच गाय दगावते. तोवर तिला गवताच्या पेंढ्यांचा टेका देऊन छातीवर बसते ठेवावे.

विष, साप आणि ऊन

दीड-दोन फुटांची कोवळी ज्वारी, तिचे कापणीनंतरचे फुटवे, आणि पावसाने ओढ दिल्याने सुकू लागलेले तिचे पीक यांत विषारी द्रव्य असते. ते खाल्लेले जनावर काही मिनिटांतच धापा टाकू लागते, थरथरते व कोसळते. फवारणीच्या औषधाची बाधा झाली तर लाळेच्या धारा लागतात, बुबुळे बारीक होतात, अंग उडते. दोन्हींवर उतारे आहेत, पण ते वेळेत टोचले गेले पाहिजेत. म्हणून जनावराने काय खाल्ले हे सांगता आले पाहिजे. औषधाचा डबा किंवा पुडी हाताला न लागू देता पिशवीत घालून दाखवावी. सर्पदंशात जनावर शक्यतो हलवू नये, जखम कापू नये, दोरी आवळू नये, आणि मंत्राने उतरविण्यात वेळ दवडू नये. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बांधलेली म्हैस किंवा साखळीला जखडलेला कुत्रा उन्हाने मरू शकतो. त्यास सावलीत नेऊन अंगावर सतत साधे पाणी ओतावे, वारा घालावा. बर्फ लावू नये.

कुत्रा व मांजर

या दोघांस गुरांइतका मान मिळत नाही, कारण त्यांच्यापासून उत्पन्न नाही. मुलांचा जीव मात्र अधिक त्यांच्यातच गुंतलेला असतो, हे शिक्षकाने विसरू नये.

लस न टोचलेल्या पिलास ओकाऱ्या व दुर्गंधीयुक्त रक्ती हगवण लागली, तर ते दोन-तीन दिवसांत, मुख्यतः अंगातील पाणी संपल्याने मरते. पहिल्याच दिवशी सलाइन मिळाल्यास वाचण्याची आशा पुष्कळ असते. मोठ्या जातीच्या कुत्र्याचे पोट एकदम फुगले, तो ओकारीचे उमाळे देतो पण बाहेर काही पडत नाही, तर त्याच्या जठराला पीळ पडल्याचा संभव असतो. तेथे तासातासाचे मोल आहे. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत, किंवा एकामागून एक येऊ लागले, तर तेही तातडीचेच. झटका चालू असता तोंडात पाणी घालणे किंवा कांदा-चप्पल हुंगविणे व्यर्थ आहे. आजूबाजूच्या अणकुचीदार वस्तू तेवढ्या दूर कराव्यात. बोका वारंवार लघवीस बसतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, तर घरातील माणसे बद्धकोष्ठ समजून दूध-तूप देत राहतात. वस्तुतः मूत्रमार्ग बंद झालेला असतो आणि दोन-तीन दिवसांत विष रक्तात भिनून बोका मरतो. मांजराने तोंड उघडून श्वास घेणे हेही जवळजवळ नेहमीच गंभीर असते. आणखी एक गोष्ट पालकांना जरूर सांगावी. माणसांच्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते.

लाळ गळणाऱ्या तोंडात हात घालू नये

गाय किंवा म्हैस चारा चघळते पण गिळत नाही, लाळ गळते, आवाज घोगरा होऊन ती सारखी हंबरते, असे दिसले की घरचा माणूस बाही वर सारतो व घशात काय अडकले ते पाहण्यास हात घालतो. काही अडकलेले असूही शकते. परंतु पिसाळलेल्या कुत्र्याने काही आठवड्यांपूर्वी चावलेल्या गाईची लक्षणेही हीच असतात. रेबीजचे विष लाळेत असते, आणि हातावरील लहानशा ओरखड्यातूनही ते माणसाच्या शरीरात शिरते. लक्षणे उमटल्यानंतर या रोगातून जनावर वाचत नाही, आणि माणूसही सहसा वाचत नाही. म्हणून असे जनावर वेगळे बांधावे, मुलांना दूर ठेवावे, त्याचे दूध कच्चे कोणी घेऊ नये आणि पशुवैद्यकास बोलवावे. ज्यांनी आधीच हात घातला असेल त्यांनी हात साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लागलीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

येथे शाळेचा संबंध प्रत्यक्ष येतो. आजारी कुत्र्याला कुरवाळायला गेलेले मूल चावा घेतल्याचे घरी सांगत नाही, कारण मार बसेल ही धास्ती. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही जुनी भीतीही अजून गावोगाव आहे. ती पद्धत केव्हाच गेली. आता चार-पाच वेळा दंडात लस घ्यावी लागते. जखम मोठी असल्यास तिच्या भोवती आणखी एक औषध टोचतात. चावा, ओरखडा किंवा जखमेवर चाटणे, यांपैकी काहीही घडले तर मुलाने गुरुजींना किंवा बाईंना सांगावे, रागावले जाणार नाही, हे वर्षातून एकदा तरी वर्गात स्पष्ट सांगितले जावे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन त्यास सोयीचा आहे. जखमेवर चुना, मिरची, हळद, तेल काहीही लावू नये. पंधरा मिनिटे धुणे हाच पहिला उपचार. चावणारा कुत्रा ओळखीचा असेल तर त्यास मारून न टाकता दहा दिवस बांधून त्यावर लक्ष ठेवावे. परंतु मुलाची लस त्यासाठी थांबवू नये.

निरोप कसा द्यावा

पशुसेवेसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी त्यावर कळवावे. (आपल्या राज्यात जिल्हा परिषदा ज्या वर्षी अस्तित्वात आल्या तेच हे साल, त्यामुळे शिक्षकांस लक्षात ठेवण्यास कठीण नाही.) पथक दूर असेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलावे. बोलताना 'जनावर फार आजारी आहे' असे मोघम सांगू नये. जनावर कोणते, वय किती, गाभण आहे की व्यालेले, काय अडले आहे, केव्हापासून, काय खाल्ले, श्वास मिनिटास किती, आणि गावात येण्याची खूण कोणती, एवढे क्रमाने सांगावे. भाषेच्या तासाला दोघा-दोघा मुलांकडून असा संवाद करवून घेता येईल; एक निरोप देणारा, दुसरा पशुवैद्यक. जे मूल एरवी वर्गात तोंड उघडीत नाही ते अशा वेळी आपल्या म्हशीविषयी कसे बोलते, हे पाहण्यासारखे असते.

कित्येकदा पशुवैद्यक पोचण्यापूर्वीच जनावर मरते. धडधाकट जनावर एकाएकी मेले असेल आणि नाकातून वा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर ती फाशी असू शकते, आणि ती माणसासही होते. असे जनावर सोलू नये, फाडू नये, ओढत नेऊ नये. पशुवैद्यक येईपर्यंत कुत्र्यांपासून राखावे.

दवाखान्याचा क्रमांक, १९६२ हा क्रमांक आणि वर सांगितलेले प्रश्न एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून मुलांनी घरी न्यावेत व गोठ्याजवळ टांगावेत. पशुवैद्यकांच्या बदल्या होत असतात. म्हणून दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडताच दवाखान्याचा क्रमांक मुख्याध्यापकांनी तपासून घ्यावा व बदललेला असल्यास मुलांकडून दुरुस्त करवून घ्यावा.